तुटलेला बंध आणि दवाखान्याची निवड

११ जुलै २०२५ रोजी मोनॅको येथील डायमंड लीग स्पर्धेत, तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तोल जाऊन बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे कोसळला. गुडघ्याच्या आतला पुढचा बंध, ज्याला खेळाडू आणि डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटला, शेजारची गादीही फाटली, मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली रौप्यपदक मिळवणारा आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणारा, लष्कराच्या सेवेत असलेला असा हा धावपटू असल्यामुळे त्याचा गुडघा कोणी तपासावा, कोठे उघडावा आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून पडावा, या विवंचना बहुतांशी त्याच्या माथी नव्हत्या. परंतु त्याच जिल्ह्यात, केज तालुक्यातील नांदूरघाटच्या मैदानावर कबड्डीची पकड सोडवताना ज्याच्या गुडघ्यातला तोच बंध तुटतो, त्या तरुणापुढे हे सर्व प्रश्न एकदम आणि एकाच संध्याकाळी उभे राहतात. आणि घरातली वडीलधारी माणसे, मित्रमंडळी व गावचा हाड बसवणारा अशा तिघांचे तीन सल्ले ऐकून तो बहुधा सर्वांत शेवटचा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला जातो. सरकारी की खाजगी, हा तो प्रश्न होय.

त्याआधी प्रत्यक्ष इजा काय असते ते पाहिले पाहिजे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना आतून बांधणारा हा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही, आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघा आतल्या आत फिरू देत नाही. चढाईला गेलेला गडी मध्यरेषेकडे परतताना एकाएकी दिशा बदलतो, मागून कोणी घोटा धरलेला असतो, तळवा मातीत रुतलेला असतो आणि धड मात्र वळलेले असते. त्या क्षणी सगळा पीळ या बोटाएवढ्या दोरीवर येतो. कित्येकदा तर कोणाचा स्पर्शही झालेला नसतो. आतून ‘कट्’ असा आवाज आल्याचे खेळाडू सांगतो, काही तासांतच गुडघा सुजून टरारतो, कारण सांध्यात रक्त उतरलेले असते. याच अवस्थेत तेल लावून गुडघा रगडण्याचा जो प्रघात आमच्याकडे अद्याप आहे, तो सूज आणि वेदना वाढवण्यापलीकडे काही साधत नाही. थंड शेक, घट्ट पट्टी, पाय उंचावर आणि विश्रांती एवढेच पहिल्या दोन-तीन दिवसांचे काम. पुढे दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरते, मनुष्य सरळ चालू लागतो, आणि आपण बरे झालो अशी त्याची समजूत होते. ही समजूत फार फसवी असते, कारण मैदानावर पहिले वळण घेताच गुडघा सटकतो, आणि अशा प्रत्येक सटकण्याबरोबर आतली गादी व कूर्चा थोडी थोडी झिजत वा फाटत जाते.

पहिल्या दिवशी ठरवायचे असते ते एवढेच की, हे प्रकरण तातडीचे आहे किंवा नाही. पाय टेकून चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, पाऊल थंड वा बधिर पडले असेल, अथवा गुडघा एका जागी अडकून सरळच होत नसेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठले पाहिजे. त्यातही पाऊल थंड पडणे हे रक्तवाहिनी दुखावल्याचे लक्षण असू शकते व तेथे प्रश्न तासांचा असतो. अशा वेळी सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय, मग ते गावातले असो, केजचे असो की अंबाजोगाईचे, हेच पहिले ठिकाण असावे असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे क्ष-किरण चित्र निघते, हाड मोडले आहे की नाही याचा निवाडा होतो, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले असल्यामुळे खिशात हात घालण्यापूर्वीच निम्मी भीती दूर होते. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये निराळ्या खात्याकडे असल्याने तेथे शुल्काचा शिरस्ता वेगळा आहे, तरी तो खाजगीच्या मानाने नाममात्रच म्हणावा लागेल.

हाड शाबूत आहे असे ठरले, की मग घाईचे कारण उरत नाही, आणि हीच गोष्ट लोकांना पटवून देणे सर्वांत कठीण आहे. तुटलेला बंध आज रात्रीच जोडला नाही तर पाय कायमचा जाईल, अशी कोणी समजूत करून देत असेल, तर त्या माणसाचे हेतू तपासून पाहावेत. स्वीडनमध्ये १२१ तरुण, क्रियाशील परंतु व्यावसायिक नसलेल्या रुग्णांवर झालेला आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत प्रमाण मानला जातो. त्यात काहींवर लौकर शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांना प्रथम पद्धतशीर व्यायाम देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांअखेर दोहोंच्या गुडघ्यांत लक्षणीय तफावत आढळली नाही, आणि पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील जवळजवळ निम्म्या लोकांना शस्त्रक्रिया करावीच लागली नव्हती. याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ आहे असा मात्र कोणी करू नये. ज्यांचा गुडघा महिनोन्‌महिने सटकतच राहिला आहे अशा ३१६ रुग्णांचा ब्रिटनमधील अभ्यास २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि तेथे शस्त्रक्रियेचेच पारडे जड ठरले. म्हणजे निर्णय गुडघ्याच्या वर्तनावर आणि त्या गुडघ्याकडून पुढे काय काम घ्यायचे आहे यावर अवलंबून आहे. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर सरळ धावू पाहणाऱ्या तरुणाचे स्नायू बळकट झाले तर त्याचे काम बंधाविनाही निभावू शकते; चढाईपटूचे, पैलवानाचे किंवा यष्टींमध्ये गर्रकन वळून दुसरी धाव घेणाऱ्या फलंदाजाचे सहसा निभावत नाही.

शस्त्रक्रिया सुचवली गेली की शंका घेण्याची सवय बीड जिल्ह्याला एका फार कडवट अनुभवातून लागली आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमण्यात आली, तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या प्रकरणाची आणि गुडघ्याच्या इजेची बरोबरी करावी असे मुळीच नाही. परंतु ज्याच्या हाती निदान आहे त्याच्याच हाती शस्त्रक्रियेचे उत्पन्न असले आणि समोरचा मनुष्य घाबरलेला व अशिक्षित असला, म्हणजे काय घडू शकते, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा उद्धटपणा समजू नये. तो रुग्णाचा हक्क आहे; शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी खाजगी रुग्णालयांवर रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधनही घातले आहे. ते भिंतीवर दिसले नाही, तर मागावे.

इतके बोलून खाजगी रुग्णालयांचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. लातूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, पुणे येथे दुर्बिणीने गुडघ्याची शस्त्रक्रिया करणारे निष्णात शल्यविशारद आहेत. तेथे एमआरआय लौकर होतो, शस्त्रक्रियेची तारीख ठरते आणि सहसा पाळली जाते, तपासणारा, कापणारा आणि टाके काढणारा हात एकच असतो. त्याचे मोल सहज लाखाच्या पलीकडे जाते, आणि एकर-दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या घरात एवढी रक्कम व्याजाने काढण्यावाचून उभी राहत नाही. उलट अंबाजोगाईस सत्तरच्या दशकात उभे राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत अस्थिरोगाचे प्राध्यापक असतात, अनुभवाची वानवा नसते. अडचण असते ती गर्दीची. महामार्गावरच्या अपघातात मांडीचे हाड मोडून आलेला मनुष्य आणि चालत आलेला कबड्डीपटू एकाच शस्त्रक्रियागृहाची वाट पाहत असले, तर पहिला नंबर हाडाचा लागणार, आणि तो लागणे न्याय्यच आहे. मग तारीख पुढे ढकलली जाते, तपासणारे निवासी डॉक्टर बदलतात, बंध घट्ट रोवण्यासाठी लागणारे स्क्रू वा बटण उपलब्ध होईपर्यंत थांबावे लागते. परंतु वर म्हटल्याप्रमाणे ही इजा काही आठवड्यांचा विलंब सोसू शकते, किंबहुना सूज पूर्ण उतरून गुडघा सरळ होईपर्यंत थांबलेलेच बरे. तेव्हा या प्रतीक्षेला वाटते तितके भिण्याचे कारण नाही, फक्त त्या आठवड्यांत मांडीचे व्यायाम चालू राहिले पाहिजेत आणि मैदान वर्ज्य असले पाहिजे.

या दोन वाटांच्या मधून तिसरी एक वाट जाते, तिची माहिती अजूनही पुरेशी पसरलेली नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली, पुढे २०१३ साली राज्यभर पसरलेली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचे नाव धारण करणारी जन आरोग्य योजना सरकारी पैशाने खाजगी रुग्णालयातही उपचार मिळवून देते. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना तीत आधीच स्थान होते व बीड त्यांपैकी एक. आता तर शिधापत्रिकेच्या रंगाचा अडसर न ठेवता सर्वच कुटुंबांना ती खुली केली असून वार्षिक मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली आहे. मात्र योजनेत असलेले रुग्णालय आणि योजनेत असलेली शस्त्रक्रिया या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादे रुग्णालय हृदयविकारासाठी यादीत असते आणि अस्थिरोगासाठी नसते. काही शस्त्रक्रिया तर केवळ सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेल्या असतात, आणि या याद्या वेळोवेळी बदलतात. म्हणून दाखल होण्यापूर्वी, एमआरआयचा अहवाल व शिधापत्रिका हाती घेऊन, रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसास, म्हणजे आरोग्यमित्रास, गाठावे, आपली नेमकी शस्त्रक्रिया येथे मंजूर होते काय ते विचारावे, आणि पूर्वमंजुरी आल्याशिवाय अनामत भरू नये. मंजुरीनंतर ‘चांगल्या प्रतीच्या स्क्रूचे वरचे पैसे’ कोणी मागितले तर ते लेखी मागावेत. बहुतेक वेळा लेखणी उचलली जात नाही.

परंतु सरकारी, खाजगी वा योजनेतील, कोणत्याही टेबलावर झालेली शस्त्रक्रिया ही दीड-दोन तासांची गोष्ट असते; खरी कसोटी पुढच्या नऊ महिन्यांची असते, आणि आमच्या मते दवाखान्याची निवड या नऊ महिन्यांकडे पाहूनच व्हावी. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर किंवा वाटीखालच्या शिरेची मधली पट्टी काढून नव्या बंधाच्या जागी बसवतात, आणि आंब्याच्या कलमाप्रमाणे ती जीव धरीपर्यंत आधी काही काळ कमजोरच होते. दुखणे थांबलेले असते, म्हणून खेळाडूला ते कळत नाही. नॉर्वेतील एका अभ्यासाचा २०१६ सालचा निष्कर्ष असा की, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे एकेक महिन्याने लांबवत गेल्यास गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण दर महिन्यामागे जवळजवळ निम्म्याने घटते. या काळात फिजिओथेरपिस्टची गाठ आठवड्यातून एक-दोनदा तरी पडली पाहिजे. पुण्यातल्या उत्तम रुग्णालयात शस्त्रक्रिया करून गावी आलेला आणि व्यायामाचा कागद पेटीत ठेवून दिलेला मुलगा हा केजच्या उपजिल्हा रुग्णालयात वा अंबाजोगाईत नियमाने जाणाऱ्या मुलापेक्षा दुर्दैवी समजावा. सबब शल्यविशारदास शस्त्रक्रियेच्या दराआधी विचारावे ते हे, की माझ्या गावापासून एस.टी.ने जाण्याजोग्या अंतरावर हे व्यायाम माझ्याकडून कोण करून घेईल, आणि त्यास द्यावयाचा लेखी कार्यक्रम तुम्ही द्याल काय.

आणखी एक हिशेब कोणत्याही रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात येत नाही. या भागातील अनेक घरांत दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन जोडी ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर जाते, ती मार्च-एप्रिलात परतते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हजेरी चुकली की खाड्याचा दंड लागतो. अशा घरातला तरुण परतल्यावर, एप्रिलात, शस्त्रक्रिया करून घेतो आणि पुढच्या दसऱ्याला सहाच महिने झालेले असतात. उकिडवे बसून उसाच्या बुडाशी घाव घालणे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, हे काम कबड्डीइतकेच त्या गुडघ्याचा अंत पाहणारे आहे. तेव्हा शस्त्रक्रियेचे ठरवताना तो एक हंगाम कोयत्यावाचून काढावा लागेल हे गृहीत धरावे, आणि मुख्य म्हणजे ती उचल आधी घेऊन मोकळे होऊ नये. योजनेची रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. फिटायची राहिलेली उचल मात्र व्याजासह पुढच्या हंगामात त्याच घराच्या नावे निघते, आणि ती फेडण्यासाठी बहुधा त्या तरुणाच्या जागी त्याच्या धाकट्या भावाची शाळा सुटते.