एडिटिंगचा संगणक ऐन जयंतीत बंद का पडतो?

आपल्या वस्त्यांमधून, विहारांमधून आणि वसतिगृहांमधून व्हिडिओ करणारी तरुणांची एक फळी आता उभी राहिली आहे. कुणी मोबाईलवर शूट करते, कुणी जुन्या बाजारातला कॅमेरा घेतलेला असतो. वर्गणी काढून किंवा कुणाच्या तरी पहिल्या पगारातून एक बऱ्यापैकी संगणक येतो आणि मंडळाच्या खोलीत बसतो. जयंतीची मिरवणूक, प्रबोधनाची व्याख्याने, मोर्चे, धम्म परिषदा, सगळे त्याच एका डब्यातून बाहेर पडते. आणि नेमका १३ एप्रिलच्या रात्री तो हँग होतो.

याला आपण नशीब म्हणतो किंवा ‘मशीनच खराब निघाली’ म्हणतो. दोन्ही खरे नाही. संगणक ऐन वेळी बंद पडतो, कारण ऐन वेळीच त्याच्याकडून सर्वांत जास्त काम घेतले जाते. महिनाभर फेसबुक आणि टायपिंग चालते तेव्हा आत साचलेली धूळ, भरलेली डिस्क, सैल वायर यातले काहीच त्रास देत नाही. तासाभराचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड पूर्ण ताकदीने सलग चालतात. मग कच्चे ते उघडे पडते. कार्यकारणभाव समजणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी इथे नशिबाला मध्ये आणू नये.

उष्णता आणि धूळ

बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. त्यामुळे वीस मिनिटांचा एक्सपोर्ट पन्नास मिनिटांवर जातो. तरीही तापमान आटोक्यात आले नाही तर संगणक सरळ बंद होतो. आता आपल्याकडचे वास्तव पाहा. नागपूर, अकोला, चंद्रपूर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४५ अंशांवर असतो, आणि खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या भागांचे तापमानही साधारण तेवढेच वाढते. जानेवारीत विनातक्रार चाललेली मशीन एप्रिलमध्ये का धापा टाकते, त्याचे उत्तर इथे आहे.

विदर्भात यावर उपाय म्हणून संगणकासमोर कूलर लावतात. माणसाला बरे वाटते, मशीनला नाही. कूलरची हवा ओलसर असते, पाणी खारे असेल तर तिच्याबरोबर क्षारांचे बारीक तुषारही येतात, आणि आतल्या धुळीचा त्यामुळे चिखल होतो. कूलर खोलीत असू द्या, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. कोकणात आणि मुंबईच्या खाडीकाठच्या वस्त्यांत दमट, खारी हवा बाराही महिने असते. तिथे संगणक पावसाळाभर झाकून ठेवून देण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवणे चांगले. आतल्या उबेने ओल धरत नाही.

आपल्या खोल्यांची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत, जी संगणकाच्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाहीत. विहाराला लागून असलेल्या खोलीत रोज मेणबत्ती आणि अगरबत्ती जळते. तिची काजळी चिकट असते. ती पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. दुसरी गोष्ट जयंतीतली नीळ. मिरवणुकीतून आलेला कार्यकर्ता त्याच कपड्यांनी, त्याच हातांनी कार्ड लावायला बसतो. ती भुकटी इतकी बारीक असते की कीबोर्डमध्ये, यूएसबीच्या तोंडात आणि पंख्यात सगळीकडे पोहोचते. हात धुऊन, शर्ट बदलून बसावे आणि कॅमेरा खोलीबाहेर पुसून आत आणावा. एवढ्याने निम्मे काम होते.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. अर्धा-पाऊण फूट उंच स्टूल पुरेसे आहे, कारण झाडताना उडणारी धूळ जमिनीलगतच असते. मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर हवी. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला संगणक आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढतो.

सफाई अवघड नाही, पण घाईने करण्याचे काम नव्हे. संगणक बंद करून वायर काढा, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, आणि कॅबिनेट खोलीबाहेर गॅलरीत न्या. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सुटी करा आणि मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. पंखा वाऱ्याने भन्नाट फिरला तर त्याचे बेअरिंग जाते, आणि तो फिरताना उलट वीजही तयार करू शकतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. काजळीचा थर असेल तर पात्यांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले कापड फिरवा. पाणी नको, कॉलिन नको. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये, वायर काढल्यावरही त्याच्या आत धोक्याचा दाब शिल्लक असतो.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी वाळते. धूळ काढूनही तापमान उतरत नसेल तर ती बदलावी लागते. हे पहिल्यांदा करणाऱ्याने जाणत्याला शेजारी बसवावे. तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखे मोफत साधन आहे. सफाईच्या आधी आणि नंतर दहा मिनिटांचा एकच एक्सपोर्ट लावून दोन्ही आकडे लिहून ठेवा. फरक आपोआप दिसेल.

कधी करायचे? आपल्या वर्षाचे वेळापत्रक ठरलेले आहे: १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. त्याला धरून मार्चच्या मध्यावर मोठी सफाई, नीळ आणि बुद्धपौर्णिमा आटोपल्यावर मेअखेरीस एक हलकी, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा एक. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कॅबिनेट उघडू नका.

वीज

इथे बहुतेक मंडळे पैसे वाचवतात आणि मग दुप्पट घालवतात. बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो. ग्राफिक कार्ड असलेला संगणक एक्सपोर्टच्या वेळी याच्या जवळपास किंवा वर जातो, म्हणून वीज गेल्याबरोबर यूपीएसही टूं करून बंद पडतो. १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा. तो काम पूर्ण करण्यासाठी नव्हे, तर सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता आहे हे सगळ्यांना माहीत असले पाहिजे. बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते, तो खर्च आधीच धरून ठेवा. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजा आणि वायरमनला बोलवा. ती मशीनची नाही, माणसाच्या जिवाची बाब आहे. साउंडवाल्याच्या एक्स्टेन्शनवर संगणक लावू नये हेही ओघाने आलेच.

डिस्क भरते, मग सगळे अडते

१०० एमबीपीएसने शूट केलेले एका तासाचे फूटेज साधारण ४५ जीबी होते. दोन कॅमेरे आणि चार तासांचा कार्यक्रम धरला तर साडेतीनशे जीबी एका दिवसात. मंडळाच्या संगणकात बहुधा ५१२ जीबीची एकच एसएसडी असते. ती काठोकाठ भरली की विंडोजला श्वास घ्यायला जागा राहत नाही, एडिटिंगचे सॉफ्टवेअर अडखळते आणि एक्सपोर्ट ९० टक्क्यांवर थांबतो. किमान १५-२० टक्के जागा नेहमी मोकळी हवी. शक्य असेल तर विंडोज आणि सॉफ्टवेअर एका एसएसडीवर आणि चालू कामाचे फूटेज दुसऱ्यावर ठेवावे.

जागा खाणारा लपलेला भाग म्हणजे कॅशे. प्रीमियर असो की डाविंची रिझॉल्व्ह, टाइमलाइन सुरळीत चालावी म्हणून ही सॉफ्टवेअर तात्पुरत्या फाइल बनवत राहतात आणि काम संपले तरी त्या पडून राहतात. प्रकल्प हातावेगळा झाला की सॉफ्टवेअरच्या आतूनच कॅशे साफ करावी. फोल्डर शोधून हाताने डिलीट करण्याच्या नादात मूळ फूटेज उडवल्याची उदाहरणे कमी नाहीत. रिझॉल्व्हबद्दल एक विशेष सूचना: ते आपले प्रोजेक्ट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते. म्हणजे फूटेजचा फोल्डर हार्डडिस्कवर घेतला तरी तुमचे कट, टायटल, रंग त्यात येत नाहीत. प्रोजेक्ट वेगळा एक्सपोर्ट करून त्याच फोल्डरमध्ये टाकावा लागतो. मराठी टायटलचे फॉण्टही सोबत ठेवा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर ‘जय भीम’च्या जागी चौकोन दिसतात.

आता बॅकअप, ज्यावर आम्हाला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. गावोगावी आपली मुले त्यांना बोलते करत आहेत, कॅमेऱ्यासमोर बसवत आहेत. बैलगाडीने, रेल्वेने, पायी कसे गेलो, पांढऱ्या साडीसाठी पैसे कसे जमवले, परतल्यावर घरातले देव कसे बाहेर काढले. यातली बरीचशी फाइल आज कुठे आहे? कुणाच्या तरी एकाच हार्डडिस्कवर, कपाटात, कपड्यांखाली. ती डिस्क हातातून पडली तर पुन्हा शूट करायला माणूस असेलच असे नाही. मिरवणूक पुढच्या वर्षी पुन्हा निघते, ही मुलाखत तशी नाही.

म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. जगभर हाच नियम चालतो आणि आपल्याला तो परवडतो. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या कार्यकर्त्याकडे किंवा क्लाउडवर. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी एसएसडी किंवा पेनड्राइव्ह वापरू नका. वीज न मिळता खूप काळ पडून राहिल्यास त्यांतली माहिती पुसट होऊ शकते. त्यासाठी साधी फिरती हार्डडिस्क बरी, आणि तीही सहा महिन्यांनी लावून चार-दोन फाइल उघडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. आणि दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड फॉर्मॅट होणार नाही, हा नियम खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

सॉफ्टवेअर

क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकू नका. हा उपदेश वाटेल, पण कारण व्यवहाराचे आहे. फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारे स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचे व्हायरस मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरले. त्यात जोडलेली बाहेरची हार्डडिस्कसुद्धा जाते. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आपल्या बहुतेक कामाला पुरून उरते. हलक्या मशीनवर केडीएनलाइव्ह किंवा शॉटकट आहेत. तिन्ही अधिकृत आणि विनामूल्य.

अपडेटबाबत आमचे मत स्पष्ट आहे: कार्यक्रमाच्या पंधरवड्यात काहीही नवीन टाकू नये. विंडोजचे अपडेट तेवढ्यापुरते थांबवता येते. एन्व्हिडियाचे कार्ड असेल तर गेमऐवजी ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घ्यावा. एकदा स्थिर चाललेल्या ड्रायव्हरची आवृत्ती लिहून ठेवली तर मागे जाता येते. मात्र कायम अपडेट बंद ठेवणे हाही वेडेपणा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला (तारीख आपल्याला विसरणे कठीण!). मशीन जुनी असून विंडोज ११ घेत नसेल तर ती इंटरनेटपासून तोडून फक्त एडिटिंगला ठेवावी किंवा तिच्यावर लिनक्स टाकावे.

सगळ्यांचा संगणक

खरी अडचण बहुतेक वेळा तांत्रिक नसतेच. सगळ्यांचा संगणक म्हणजे कुणाचाच नाही. एक जण गेम टाकतो, दुसरा लग्नाचा अल्बम कॉपी करतो, तिसरा झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्ह लावतो. प्रत्येकाला वेगळे, साधे खाते द्या. नवे सॉफ्टवेअर टाकण्याचा अधिकार दोघांकडेच ठेवा, एकाकडेच नको, कारण तो नोकरीला पुण्याला गेला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. शेजारी शंभर पानी वही ठेवा. कधी साफ केला, काय बदलले, कोणता एरर आला, बॅकअप कुठे आहे. मुलींनाही हे काम शिकवा. कॅमेऱ्यासमोर सूत्रसंचालनाला त्यांना पुढे करायचे आणि कॅबिनेट उघडताना मुलांनीच गराडा घालायचा, हे आपल्या खोल्यांतून अजून गेलेले नाही.

दुरुस्तीला देतानाची गोष्ट राहिली. आपल्या डिस्कवर नुसत्या मिरवणुका नसतात. मोर्चातले चेहरे असतात, अत्याचारग्रस्त कुटुंबाच्या मुलाखती असतात, त्यात पीडितेचे नाव आणि घर असते. संगणक दुकानात देण्यापूर्वी फूटेजची डिस्क काढून घ्या. स्क्रू दोन-चारच असतात. मशीन विकायची असेल तर डिलीट करणे पुरेसे नाही, पूर्ण डिस्क पुसून द्या किंवा डिस्क आपल्याकडेच ठेवा. आणि विंडोजने डिस्कला कुलूप लावलेले असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. मदरबोर्ड बदलला की संगणक ती विचारतोच. तो कागद संगणकाच्या खोलीत ठेवू नका.