गृहचौकशी

अठरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात ठेवता येत नाही, पोलीस कोठडीतही नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम 10 याबाबत स्पष्ट आहे. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक महिला. जामीन झाला नाही तर मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे नगरच्या भाषेत रिमांड होमला जातो. एवढं बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. पण मंडळ ज्या कागदावर मुलाचं पुढचं ठरवतं, तो कागद परिविक्षा अधिकारी त्याच्या घरी जाऊन तयार करतो. मुदत पंधरा दिवसांची. अशाच एका गृहचौकशीला मी परिविक्षा अधिकारी मॅडमबरोबर पाथर्डी तालुक्यात गेलो होतो. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून गाव सांगत नाही.

जानेवारी होता. करंजी घाट ओलांडल्यावर ज्वारी हुरड्यात आलेली दिसत होती, पण वस्तीवर निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊस तोडायला गेलेली. मुलाचे आई-वडीलही दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी म्हणून टोळीत गेले होते. घरी आजी होती. मॅडम दिसताच तिने पहिलं विचारलं, "त्याला तिथं मारत्यात का हो?"

"नाही आजी. सकाळीच भेटून आले. जेवतोय, झोपतोय."

फॉर्म त्यांनी लगेच काढला नाही. आधी पाणी घेतलं, चुलीपाशी बसल्या. दुधाला कोण जातं, दळण कोण आणतं, रात्री घरात कोण असतं, असं बोलणं चाललं. दुधाला तोच जायचा, दळणही तोच आणायचा. आजीला संध्याकाळनंतर दिसत नाही, हे त्या बोलण्यातच कळलं. पोरगा रात्री घरात आहे की नाही हे ती खाटेवर हात फिरवून पाहायची. मॅडमनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं.

मुलगा पंधरा वर्षांचा. मोटारसायकल चोरीत सापडलेला. अशा गुन्ह्यात मुलावर सहसा एफआयआर होत नाही, डायरीत नोंद होते. इथे त्याच्याबरोबर दोन मोठी माणसं होती, म्हणून झाला.

शाळेत मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढलं. वय ठरवताना आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला पाहतात. तो नसला तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसला तरच वैद्यकीय तपासणी. मॅडमनी जन्मतारखेचा उतारा मागितला आणि नंतर, कुणी सांगितलं नसताना, जुनी हजेरीपत्रकं मागितली. सहावी आणि सातवीत तो आई-बापाबरोबर फडावर होता, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत राहिलेला. दोन्ही वर्षी दिवाळीनंतर गुढीपाडव्यापर्यंत गैरहजर. आठवीत त्याला मागे ठेवलं ते शाळा बुडू नये म्हणून. त्याच वर्षी तो तालुक्याच्या गावी एका गॅरेजवर जायला लागला.

गृहचौकशीचे बरेच अहवाल "पालकांचे दुर्लक्ष, वाईट संगत" एवढ्यावर संपतात. मला ते वाचवत नाहीत. दुर्लक्ष का झालं? संगत कुणाची? मॅडमनी आजीला, शेजाऱ्याला, वर्गातल्या दोघांना वेगवेगळं विचारलं. गॅरेजवर गाड्या कोण आणायला सांगायचं, पैसे कोण द्यायचं. मुलाला एका गाडीमागे दोनशे रुपये मिळत. गाडी विकून मोठं माणूस किती कमवत असेल, हे त्याला ठाऊकच नव्हतं. गुन्ह्यासाठी मुलाला वापरणाऱ्या प्रौढाला कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड होऊ शकतो. गृहचौकशीत हे आलं नाही, तर पोरगा चोर ठरतो आणि गॅरेजवाला फक्त साक्षीदार राहतो.

मे 2024 मध्ये पुण्याच्या पोर्श अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर राज्यभर संताप झाला. तो संताप मी समजू शकतो, दोन जीव गेले होते. पण त्यानंतर "पोरांना सोडून देतात" हे वाक्य इतकं रूढ झालं, की दोनशे रुपयांच्या पोरालाही तेच लागू होतं. सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नसतं. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेख, आणि गरज पडली तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृह, असे मार्ग मंडळापुढे असतात. कोणता निवडायचा हे घर पाहिल्याशिवाय कसं ठरणार? एकेका परिविक्षा अधिकाऱ्याच्या माथी भरमसाट प्रकरणं टाकायची आणि पंधरा दिवसांत सखोल अहवाल मागायचा, हा मुलांवरचा अन्याय आहे.

मॅडमनी शिफारस लिहिली ती अशी: जामीन द्यावा, मात्र हंगाम संपेपर्यंत एकट्या आजीच्या भरवशावर ठेवू नये, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या वसतिगृहात प्रवेश मिळावा, देखरेख चालू राहावी. गॅरेजचा भाग वेगळ्या परिच्छेदात. मंडळाने शिफारस मान्य केली. वसतिगृहाच्या अर्जावर बापाची सही लागत होती, आणि बाप कोल्हापूरकडे फडावर. मॅडमनी मुकादमाचा नंबर शोधून त्याला फोन लावला.