डिस्कच्या मागे

"डिस्क नवीच आहे हो, वर्षसुद्धा झालं नाही," मॅडम पुन्हा सांगताहेत. त्या पाचगणीला शिकवतात आणि पसरणीचा घाट उतरून वरचेवर वाईला येतात. ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग थरथरतं, ही तक्रार. एका गॅरेजने नवे पॅड टाकून दिले, पण फरक पडला नाही. वस्ताद सगळं ऐकून घेतात आणि गाडीची चावी मागतात.

सुरूर फाट्याकडे जाणारा सरळ रस्ता लागतो. मॅडम वस्तादांच्या शेजारी, मी मागे. वेग ७० वर जातो, वस्तादांची बोटं स्टिअरिंगवर हलकी टेकलेली. थरथर नाही. चाकांचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं तर ब्रेक न लावताही या वेगाला स्टिअरिंग हललं असतं, म्हणून तो संशय इथेच मिटतो. मग ते ब्रेक लावतात, अगदी हळू. लगेच स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके घ्यायला लागतं. "पेडलपण ठोके देतंय," ते म्हणतात. एबीएसचे ठोके वेगळे, ते चाक घसरायला लागल्यावर येतात, इतक्या हलक्या ब्रेकला नाही. पुढे-मागे कोणी नाही असं बघून ते वेग ४० वर आणतात आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरत दांडा जरासा ओढतात. गाडी मुकाट मंदावते.

"मागचे ड्रम बरे आहेत. दुखणं पुढे आहे."

गॅरेजात गाडीखाली घोड्या लागतात, पुढची चाकं निघतात. पोरगं कॅलिपर सोडवतं आणि तारेने स्प्रिंगला टांगतं, होजवर लोंबकळू देत नाही. एवढी शिस्त बघूनच माझा या जागेवर विश्वास बसतो. कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात, जाम नाहीत. आतला-बाहेरचा पॅड सारखाच झिजलाय. डिस्कवर तापून निळे पडलेले डाग नाहीत.

"घाटात तापून वाकली असेल," मॅडम म्हणतात. शंका रास्त आहे. पाचगणी ते वाई हा उतार सुमारे ६०० मीटरचा. १,१०० किलोची गाडी तेवढी खाली आणताना निघणारी उष्णता वीसेक लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल. त्यातला काही वाटा हवा आणि इंजिन उचलतात, उरलेला ब्रेकने सोसायचा. पण वस्ताद हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. मायक्रोमीटर आणतात.

डाव्या डिस्कची जाडी ते कडेने आठ ठिकाणी मोजतात आणि प्रत्येक आकडा खडूने फरशीवर लिहितात. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत फरक ०.०३ मिलिमीटर. डोळ्याला दिसणार नाही, बोटाला लागणार नाही. पण जाड जागा पॅडखाली आली की पकड वाढते, पातळ जागा आली की सैल पडते, आणि हे चाकाच्या प्रत्येक फेरीला. तोच दाब ब्रेक ऑइलमधून उलटा पेडलला येतो, तोच झटका स्टिअरिंगला. बहुतेक ठिकाणी काम इथे संपतं, म्हणजे नवी डिस्क मागवतात. वस्तादांचं इथून सुरू होतं. वर्षाच्या आत डिस्क अशी का झिजली, याचं उत्तर त्यांना हवंय.

वॉशर घालून चारही नट आवळतात, म्हणजे डिस्क हबवर घट्ट बसते. डायल गेज लावून डिस्क हाताने सावकाश फिरवतात. काटा ०.१२ पर्यंत सरकतो. बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० च्या पुढे चालत नाही. काटा सर्वांत वर जातो तिथे डिस्कवर आणि समोरच्या स्टडवर खडूची खूण. आता जी युक्ती होते ती मला फार आवडते: डिस्क काढून एक भोक पुढे सरकवतात, पुन्हा आवळतात, पुन्हा फिरवतात. काटा वर जातो तो त्याच स्टडपाशी. डिस्कवरची खूण मात्र तिथून पाव फेरी लांब.

"डिस्क वाकडी असती तर उंचवटा डिस्कबरोबर फिरला असता. तो जागेवरच आहे. म्हणजे हब."

डिस्क निघते. पोरगं बॅटरी धरतं. हबच्या तोंडावर, त्या स्टडच्या बुडाशी गंजाची एक खपली चिकटून बसलेली. नवी डिस्क हिच्यावरच चढवली गेली. त्यामुळे ती तिरकी फिरत राहिली, ब्रेक न लावताही दर फेरीला तिची तीच जागा पॅडला घासत गेली, आणि काही हजार किलोमीटरांत पातळ झाली. वायर ब्रशच्या चार हातांचं काम कोणी तरी टाळलं, मॅडम मात्र इतके दिवस घाटात जीव मुठीत धरून उतरल्या. मला राग येतो. वस्ताद काही बोलत नाहीत, पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक स्टडभोवती घासत बसतात, बोट फिरवून बघतात, पुन्हा घासतात. उजव्या हबलाही तेच.

पण पातळ झालेली जागा घासून भरून येत नाही. डिस्कवर किमान जाडी १५ मिलिमीटर कोरलेली आहे, शिल्लक आहे १६.६, म्हणून दोन्ही डिस्क लेथवर जातात. टर्नर डिस्क धरण्याआधी तिचं मागचं तोंड पुसून घेतो, मग दोन्ही अंगांनी अगदी बारीक काप घेतो. परत आल्यावर डायल गेज ०.०२ दाखवतो. पॅड जवळजवळ नवे, त्यांची तोंडं सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली जातात.

पोरगं एअर गन उचलतं. "ठेव ती," वस्ताद म्हणतात. नट कमी-जास्त आवळले तर डिस्कवर वाकडा ताण येतो. कंपनीच्या पुस्तकातला आकडा टॉर्क रेंचवर लावून ते समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळतात.

"मॅडम, आधी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत हलके ब्रेक मारा, मध्ये जरा चालवून गार होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबू नका. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या. आणि ब्रेक तापलेले असताना गाडी थांबवलीत तर पेडल दाबून धरू नका."

"आणि परत थरथरलं तर?"

"तर डिस्क बदलू. पण शंभरेक किलोमीटरनंतर एकदा या, नट तपासून देतो. त्याचे पैसे नाहीत."