विज्ञानाच्या इतिहासकारास हवी मोकळीक

विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास विज्ञान आणि इतिहास या दोन्ही विषयांची तयारी करावी लागते. विज्ञानात पदवी घेतलेल्या तरुणास इतिहासाच्या अध्ययनासाठी पुरेसा वेळ मिळाला नाही, तर ही विद्या मुळातच खुंटते. म्हणूनच उमेदीच्या काळातील अधिछात्रवृत्तीचे महत्त्व विशेष आहे.

अमेरिकेतील थॉमस कून यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कून हे मूळचे भौतिकीचे विद्यार्थी. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांच्या विज्ञानेतिहासविषयक अभ्यासक्रमाच्या निमित्ताने १९४७ मध्ये त्यांनी ॲरिस्टॉटलचे ग्रंथ वाचले आणि त्यांच्या अभ्यासाची दिशाच पालटली. १९४८ मध्ये हार्वर्डच्या ‘सोसायटी ऑफ फेलोज’ने त्यांना कनिष्ठ अधिछात्र म्हणून निवडले. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत अधिछात्रास निर्वाहवेतन मिळते; परीक्षेचे बंधन मात्र नसते. तीन वर्षांच्या या मुदतीत कून यांनी इतिहास, तत्त्वज्ञान व मानसशास्त्र यांचे चौफेर वाचन केले.

‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स’ हा त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या मोकळिकीचे ऋण मान्य केले आहे. मुदत १९५१ मध्ये संपली, ग्रंथ अकरा वर्षांनी आला. अशा पदाचे फलित वार्षिक अहवालात शोधू नये, हाच याचा बोध होय.