उतरलेला कोट, चालू हिवाळा

जुने कपडे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे बोहारीण येते. साड्या द्यायच्या, पातेले घ्यायचे. पण तोच जुना कपडा आपण पैसे देऊन घ्यायचा म्हटला, तर घरातली मोठी माणसे लगेच विचारतात, ‘अगं, कुणाचे उतरलेले अंगावर घालतेस?’ २००६ साली मी शिकायला लंडनला गेले, तेव्हा हे वाक्य सामानात बरोबर होतेच. एका पौंडाला ऐंशीहून अधिक रुपये मोजावे लागत होते, शिक्षण कर्जावर चालले होते आणि नोव्हेंबरची थंडी कुणाच्या कर्जाची पर्वा करत नाही. जानेवारीत नोकरीच्या मुलाखती होत्या. चांगला लोकरी कोट आणि धड बूट हवेत, आणि दुकानातल्या किमतीत तर दोन महिन्यांचा किराणा येत होता.

तिथे यावर उपाय आहे, तो म्हणजे चॅरिटी शॉप. लोक आपले कपडे, पुस्तके, कपबशा फुकट आणून देतात, बरेचसे काम स्वयंसेवक करतात आणि विक्रीचा नफा संस्थेच्या कामाला जातो. दान आलेल्या मालाच्या विक्रीवर ग्राहकाला व्हॅटही पडत नाही. १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये दुष्काळनिवारणासाठी स्थापन झालेल्या ऑक्सफॅमने त्याच दशकात तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान काढले. आज ब्रिटनमधल्या बहुतेक गावांच्या बाजारपेठेत अशी दुकाने दिसतात. तिथे शिरताना मान खाली घालावी लागत नाही. माझ्या आधी रांगेत उभ्या असलेल्या बाईंच्या गळ्यात मोत्यांचा सर होता!

पहिली गोष्ट, दुकान कुठले निवडायचे. माल बहुधा आसपासच्या वस्तीतून येतो. म्हणून मी माझ्या खोलीजवळची दुकाने सोडून बसने चेल्सी आणि केन्सिंग्टनला जायची. श्रीमंत वस्तीतली दुकाने किंमत थोडी जास्त लावतात, पण कपाटे रिकामी करणारी माणसेही तिथलीच. नामांकित ब्रँडची वस्तू तिथे मूळ किमतीच्या मानाने फारच थोड्यात मिळून जाते. मात्र यादी घेऊन जाऊ नये. आज जे आहे ते आहे, उद्याचे कुणी सांगावे?

आता पारख. कपडा आधी उलटा करा. बाहेरून सगळेच चांगले दिसते. अस्तर, शिवणीची रुंदी, चेन आणि बटणांमागचे टाके खरे बोलतात. चौकड्यांचे कापड असेल, तर शिवणीवर चौकटी जुळतात का पाहावे. नकली मालात तिथेच कंजुषी होते. आतली पट्टी वाचावी: ‘लोकर’ म्हणतात त्यात लोकर किती टक्के, ते तिथे छापलेले असते. मग कोट उजेडाकडे धरावा. कसरीची भोके कॉलरखाली आणि काखेत लपतात. बाह्या आखूड होतात, कंबर आत घेता येते, पण खांदे बसत नसतील तर कोट परत टांगावा. ते काम शिंप्यालाही जड जाते. आकड्यावर विसंबू नये. जुना दहा नंबर आजच्या दहापेक्षा बराच घट्ट निघतो. मी पर्समध्ये टेप ठेवत असे.

बुटांचे शास्त्र जरा कडक. चामडे आधीच्या मालकाच्या पायाचा आकार घेते, म्हणून आतला तळ पाहावा. बोटांचे खड्डे खोल असतील, तर कितीही मोठे नाव असले तरी नको. ब्रिटनमध्ये नॉर्दम्प्टन हे बुटांचे जुने गाव. तिथल्या चांगल्या कारखान्यांच्या बुटाचा तळ कडेच्या चामडी पट्टीला शिवलेला असतो. तो उसवून नवा लावता येतो, म्हणून असा जोड वर्षानुवर्षे टिकतो. उलट पॉलियुरेथेनचा तळ नुसता खोक्यात पडूनही दमटपणाने विरतो. दिसायला कोरा करकरीत आणि चार पावलांत चुरा. अंगठ्याने दाबून बघावे, भेग पडली तर ठेवून द्यावे. मापाची एक सोय म्हणजे आपले बुटांचे नंबर बरेचसे ब्रिटिशच. तिथला सहा म्हणजे युरोपातला साधारण एकोणचाळीस.

मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राखाडी लोकरी कोट मिळाला, पस्तीस पौंडांत. बूट मात्र पाचव्या दुकानात. कोट घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवला. उणे अठरा अंशांत कसरीच्या अळ्या आणि अंडी मरतात, धुलाईचा खर्चही वाचतो. घरमालकीण मटार काढायला गेली आणि कोट पाहून दचकली, तो भाग वेगळा. जानेवारीतल्या तिन्ही मुलाखतींना मी तोच घालून गेले. कोट कुठला, हे कुणीच विचारले नाही. तिसऱ्या ठिकाणी नोकरी मिळाली. कोट अजून पुण्यात माझ्या कपाटात आहे, आणि इथे तो वर्षातून जेमतेम चार दिवस लागतो.