विहीर खोदण्यापूर्वी आपल्या शिवाराचे सर्वेक्षण समजून घ्या

विहीर आटू लागली की शेतकऱ्यापुढे नेहमीचे तीन मार्ग असतात. विहीर आणखी खोल करायची, विहिरीत आडवे-उभे बोअर घ्यायचे किंवा दुसऱ्या जागी विंधन विहीर घ्यायची. तिन्हींना पैसा लागतो आणि बहुधा तो कर्जाऊ काढावा लागतो. एवढा खर्च करताना निर्णय मात्र शेजाऱ्याच्या अनुभवावर किंवा पाणाड्याच्या सांगण्यावर घेतला जातो. आपल्या शिवारातील खडक, पाणी आणि जमीन यांची पाहणी शासकीय यंत्रणा गेली अनेक वर्षे करीत आहेत. ही माहिती काय आहे, ती कशी वाचावी आणि तिच्यावरून निर्णय कसा घ्यावा, याची चर्चा या लेखात केली आहे. उदाहरणासाठी दौंड तालुक्यातील भांडगाव-यवत परिसर आणि भीमेपलीकडील शिरूरचा भाग घेतला आहे.

जुनी परंपरा

जमिनीच्या सर्वेक्षणाशी या भागाचा संबंध जुना आहे. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची पद्धतशीर मोजणी व प्रतबंदी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. जमिनीचा रंग, पोत आणि खोली पाहून तिची प्रत आण्यांत ठरविली जाई. सर्वांत चांगली जमीन सोळा आणे धरीत. खोल जमीन ओल जास्त धरते व अवर्षणात पीक तारते, हे तत्त्व त्या प्रतबंदीत होते आणि ते आजही खरे आहे.

पुढे भूगर्भशास्त्राची पाहणी १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने केली. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. जमिनीच्या पाहणीसाठी नागपूर येथे राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्था १९७६ पासून कार्यरत आहे. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही नागपूरलाच आहे.

आपल्या पायाखालचा खडक

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. पुणे जिल्ह्यात हेच थर आढळतात. प्रत्येक थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र व ठिसूळ असतो, तर खालचा भाग घट्ट असतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या गेरूसारख्या मातीचा पट्टा लागतो.

विहीर खोदताना हे थर आपण पाहिलेलेच असतात. वर माती, खाली मुरूम, मग छिद्रे असलेला मऊ मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरूम, मांजऱ्या खडक आणि पाषाणातील भेगा यांतच असते. अखंड काळ्या पाषाणात पाणी साठण्यास जागा नसते. भूजलाचा विचार करताना म्हणून जमिनीखाली तलाव आहे अशी कल्पना करू नये.

बसाल्टमधील पाणी धरणाऱ्या थरातून उपसता येण्याजोगे पाणी त्याच्या घनफळाच्या सुमारे २ टक्के धरले जाते. एक हेक्टर क्षेत्राखालची पाण्याची पातळी १ मीटरने खाली गेली, तर २०० घनमीटर म्हणजे दोन लाख लिटर पाणी मिळाले असा त्याचा अर्थ होतो. हा आकडा शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावा. पुढचा सर्व हिशेब त्यावर अवलंबून आहे.

पाणलोटाचे तीन भाग

भूजलाची मोजणी गावाच्या हद्दीने होत नाही, ती पाणलोट क्षेत्राने होते. राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडलेले आहेत. प्रत्येक पाणलोटाचे उतारानुसार तीन भाग केले जातात : डोंगर-उताराचा वहन भाग, मधला पुनर्भरण भाग आणि नदी-ओढ्यालगतचा साठवण भाग.

भांडगाव परिसरात हा उतार सहज दिसतो. दक्षिणेस भुलेश्वरची डोंगररांग आहे आणि उत्तरेस मुळा-मुठा व भीमेचे खोरे आहे. डोंगराच्या पायथ्याला माती उथळ असते. तेथील विहिरी पावसाळ्यात भरतात, पण पाणी उताराने निघून जात असल्याने लवकर उतरतात. नदीकडे माती व मुरमाचा थर जाड होतो आणि विहिरींना पाणी जास्त काळ राहते. शिवाय खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो. कालव्याच्या पाझरामुळे लाभक्षेत्रातील विहिरींना पाणी राहते. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र सर्व भिस्त पावसावर असते आणि तो ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. एकाच गावात काही विहिरींना बारमाही पाणी आणि काही फेब्रुवारीत कोरड्या, असे दिसते त्याचे कारण यात आहे. कालव्याखालच्या शेजाऱ्याचे पाहून वरच्या अंगाला ऊस लावणे धोक्याचे ठरते.

निरीक्षण विहिरी काय सांगतात

भूजल यंत्रणेने राज्यात सुमारे ३,९०० विहिरी निरीक्षणासाठी निवडल्या आहेत. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते : पावसाळा संपताना आणि त्यानंतर जानेवारी, मार्च व मे महिन्यांत. पावसाळ्यानंतरच्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून टंचाईचा अंदाज बांधला जातो.

याच मोजणीवरून आणि पाऊस, विहिरींची संख्या व उपसा यांवरून प्रत्येक पाणलोटाची टक्केवारी काढतात. दरवर्षी उपसण्यास उपलब्ध असलेले पाणी १०० धरले, तर त्यातील किती उपसले जाते, हे ती टक्केवारी सांगते. ७० टक्क्यांपर्यंत उपसा असलेले क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या वर अतिशोषित समजतात. अतिशोषित म्हणजे वर्षाच्या जमेपेक्षा खर्च जास्त होऊन मुद्दल संपत चालले आहे.

या टक्केवारीची मर्यादाही समजून घ्यावी. ती पूर्ण पाणलोटाची सरासरी असते. क्षेत्र सुरक्षित असले तरी आपल्या गटात पाणी लागेलच असे नाही. नव्या विहिरीने दहा जणांच्या वाट्यातून पाणी खेचले जाईल की नाही, एवढे मात्र ती टक्केवारी निश्चित सांगते.

पाण्याचा जमाखर्च

समजा, आपल्या भागातील विहिरींची पातळी ऑक्टोबर ते मे या काळात ४ मीटरने उतरते. वरील हिशेबाने हेक्टरी ८०० घनमीटर पाणी मिळते. यातील काही भाग ओढ्याला झिरपून जातो; तो तूर्त सोडून देऊ.

सुरू उसाला प्रवाही पद्धतीने सुमारे २५० सेंटिमीटर पाणी लागते. त्यातील ४० सेंटिमीटर पावसाचे धरले, तरी हेक्टरी २१,००० घनमीटर पाणी बाहेरून द्यावे लागते. म्हणजे एक हेक्टर ऊस भूजलावर जगविण्यास सुमारे २६ हेक्टर जमिनीखालचे पाणी लागते. ठिबकने ४० टक्के बचत झाली, तरी सुमारे १६ हेक्टर लागतात. उलट रब्बी ज्वारीला साडेसात सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्यास १,५०० घनमीटर पाणी लागते आणि दोन हेक्टरांपेक्षा कमी क्षेत्राखालच्या पाण्यावर काम भागते.

विहीर खोल करण्याचाही असाच हिशेब करावा. ६ मीटर व्यासाची विहीर १ मीटर खोल केल्यास सुमारे २८ घनमीटर साठा वाढतो. एक एकराला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी देण्यास ३०० घनमीटर पाणी लागते. खाली अखंड काळा पाषाण असेल आणि नवा झरा लागणार नसेल, तर तीन मीटर खोदूनही एका एकराच्या एका पाळीचा तिसरा हिस्सादेखील वाढत नाही. झरे वरच्या थरात असतील तर ते कोरडे पडल्यावर खोलीचा उपयोग होत नाही.

खोल विंधन विहिरीला सुरुवातीस भरपूर पाणी लागते म्हणून हुरळून जाऊ नये. खालच्या दोन थरांच्या सांध्यातील ते पाणी पुष्कळदा अनेक वर्षांत झिरपून साठलेले असते. वर्षभरात उपसले गेले, तर तेवढ्या वेगाने ते पुन्हा भरत नाही.

जमिनीच्या खोलीप्रमाणे पीक

मृद सर्वेक्षणात जमिनीची खोली, पोत, उतार, धूप आणि निचरा पाहून तिचे आठ वर्ग पाडतात. पहिले चार वर्ग लागवडीस योग्य, तर उरलेले चार गवत, झाडे व वनासाठी योग्य समजतात. रब्बी ज्वारीचे वाण खोलीनुसारच निवडावेत. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा किंवा फुले रेवती या वाणांची शिफारस आहे. कालव्याखालील व नदीकाठच्या भारी जमिनीत अति पाण्यामुळे क्षार वर येतात. तेथे पाणी व माती दोन्हींची तपासणी करूनच पिकाची निवड करावी.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. आपले गाव कोणत्या पाणलोटात व कोणत्या वर्गात येते, हे भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे विचारावे. आपला गट तीन भागांपैकी कशात मोडतो तेही पाहावे.

२. नवीन विहिरीपूर्वी विद्युतरोधक पद्धतीने जागेची तपासणी करून घ्यावी. या पद्धतीने मुरमाची जाडी आणि पाषाणाची खोली यांचा अंदाज येतो. पाणी लागण्याची हमी मात्र कोणतीच पद्धत देत नाही.

३. कायदा पाहावा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्याने मनाई केली. त्यानंतरचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला असून, अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधन आहे.

४. आपल्या विहिरीची पातळी दर महिन्याच्या एकाच तारखेला, पंप सुरू करण्यापूर्वी दोरीने मोजून वहीत लिहावी. शेजारी पाऊसही लिहावा. तीन-चार वर्षांची अशी वही कोणत्याही अहवालापेक्षा आपल्या शेताला जवळची असते.

५. ऑक्टोबरची पातळी पाहून रब्बीचे क्षेत्र ठरवावे. पातळी नेहमीपेक्षा खाली असेल, तर उन्हाळी पीक घेऊ नये.

६. पाझर तलाव, समतल चर व नाला बांध पुनर्भरण भागात घ्यावेत. अस्तर घातलेल्या शेततळ्यातून पाणी मुरत नाही. बोअरचे पाणी उपसून असे तळे भरल्यास जमिनीखालचे सुरक्षित पाणी उन्हात वाफ होऊन जाते.

७. पीकपाहणीत पीक व सिंचनाचे साधन खरे नोंदवावे. २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याला स्वतः मोबाइलवरून करता येते. लपविलेली विहीर हिशेबात येत नाही आणि पाणलोट कागदावर सुरक्षित राहून शिवारात कोरडा पडतो.

भूजल एकाच्या मालकीचे नसते. एका गटातील उपशाचा परिणाम ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या विहिरींवर होतो. म्हणून ग्रामसभेत दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास विहिरींच्या पातळीचे आकडे मांडावेत आणि गावाने मिळून रब्बीचे क्षेत्र ठरवावे. सर्वेक्षणाचे नकाशे व आकडे शासकीय कार्यालयांत उपलब्ध आहेत. विहिरीसाठी कर्ज काढण्यापूर्वी ते एकदा मागून पाहावेत.