विंडरमिअर: साचलेल्या फॉस्फरसचा प्रश्न

इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रियात हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत सुमारे १७ किलोमीटर लांब पसरलेले विंडरमिअर हे त्या देशातील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असून, १८४७ मध्ये रेल्वे आल्यापासून तेथे पर्यटकांची रीघ लागली आणि त्यांच्याबरोबर सांडपाणीही वाढत गेले. अलीकडच्या उन्हाळ्यांत पाण्यावर दिसणारा हिरवा तवंग नीलहरित शैवालांचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचा असतो. त्यांच्या काही जाती विष निर्माण करतात व ते कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकते.

या वाढीमागे मुख्यतः फॉस्फरस आहे. शेतात जो विकत आणून घालावा लागतो, तोच पोषक घटक मैलापाणी, घरोघरच्या सेप्टिक टाक्या आणि कुरणांवरून वाहून येणारे शेणखत यांच्यावाटे येथे फुकट येतो. पावसाचे पाणी व मैला एकाच नळातून नेणाऱ्या जुन्या व्यवस्थेत तर मुसळधार पावसात प्रक्रियेविना पाणी सोडून दिले जाते.

तवंगापेक्षा गंभीर घडामोड तळाशी होते. उन्हाळ्यात तापलेला हलका थर वर राहतो, खालच्या गार पाण्यात तो मिसळत नाही. मेलेली शैवाले तळाशी जाऊन कुजताना तेथील प्राणवायू संपत जातो आणि प्राणवायू संपला की गाळात बांधला गेलेला फॉस्फरस पुन्हा मोकळा होतो. हिमयुगापासून टिकून असलेल्या आर्क्टिक चार या माशाला थंड व प्राणवायूयुक्त पाणी लागते, त्यामुळे वरच्या ऊन पाण्याच्या आणि खालच्या गुदमरलेल्या पाण्याच्या मध्ये तो कोंडला जातो. त्याची संख्या फार घटली आहे, तर उबदार पाणी मानवणारा रोच मासा फोफावला आहे.

हे सारे इतक्या नेमकेपणाने कळते, याचे श्रेय १९२९ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशनच्या परंपरेला आणि १९४० च्या दशकापासूनच्या अखंड नोंदींना द्यावे लागेल. १९९२ पासून प्रमुख मैलापाणी केंद्रांत फॉस्फरस काढून टाकला जाऊ लागल्यावर सुधारणा झालीही, परंतु वाढत्या तापमानाने तिचा बराचसा लाभ हिरावून घेतला.

मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने विंडरमिअरमध्ये केवळ पावसाचेच पाणी जाईल, असे उद्दिष्ट जाहीर केले. रोष प्रामुख्याने युनायटेड युटिलिटीज या पाणी कंपनीवर आहे व तो अनाठायी नाही. मात्र सेप्टिक टाक्या खासगी मालकीच्या आहेत आणि गाळातील जुना फॉस्फरस कोणत्याही नळाला जोडलेला नाही.